हीटर बिघडलेला नाही, फ्रीजचा खटका चुकलाय

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पिकअपच्या हौद्यात बसणारा नवा ट्रक कॅम्पर आम्ही दोघांनी घेतलाय. तीन आठवड्यांनी दहा दिवसांच्या प्रवासाला निघायचंय, म्हणून सरावाला दोन रात्री बाहेर काढल्या. पहिली रात्र वीजजोड असलेल्या कॅम्पसाइटवर. ती बरी गेली, फक्त सकाळी उशाकडची गादी खालून ओली निघाली. दुसरी रात्र मोकळ्या माळावर. वाटेत फ्रीज बॅटरीवर ठेवला होता, तो पोचल्यावरही तसाच चालू होता, सगळं छान गार. रात्री अडीचला जमिनीलगतचा गॅसचा अलार्म वाजायला लागला. वास येत नव्हता, म्हणून त्याची वायर काढून टाकली. तीनला हीटरचा पंखा नुसता घरघरत राहिला, गरम हवा बंद. थंडी सोसेना म्हणून खिडक्या गच्च लावून शेगडी पेटवली आणि तासभर ऊब घेतली. सकाळी भिंती निथळत होत्या. ट्रक मात्र लगेच चालू झाला. परतीला वळणांवर गाडी झुलत होती. दोन्ही रात्री पाऊस नव्हता. मला वाटतं हीटर सदोष आहे, छत गळतंय आणि बॅटरी अपुरी आहे; आणखी दोन बॅटऱ्या, सोलर आणि जनरेटर घ्यावा. नवरा म्हणतो, विकून टाकू, हे आपल्याला जमणारं नाही. रात्रभर तो एकच विचारत होता, ‘आत्ता निघावं लागलं तर?’ काय करू?

पत्र दोनदा वाचलं. तुम्ही त्यात तीन बिघाड मोजलेत: हीटर, छत आणि बॅटरी. पण तुम्हीच दिलेले बारीक तपशील एकमेकांशेजारी मांडले की वेगळंच काही दिसतं. म्हणून खरेदीची यादी तूर्त बाजूला ठेवा, विक्रीची जाहिरातही लिहू नका, आणि ती रात्र एकदा उलट्या क्रमाने तपासून बघू.

तीन वाजता शेगडी पेटली. म्हणजे सिलिंडरमध्ये गॅस होता आणि रेग्युलेटरही ठीक होता. हीटरचा पंखा फिरत होता, म्हणजे थर्मोस्टॅटने आपलं काम केलं होतं. मग ज्योत का लागली नाही? या हीटरमध्ये आधी पंखा सुरू होतो. त्याच्या वाऱ्याने एक पातळ पाती ढकलली जाते आणि तिला जोडलेला स्विच लागतो. तो लागला तरच ठिणगी पडते आणि गॅसची झडप उघडते. वारा पुरेसा नसताना आत आग लागू नये, यासाठी ही सोय. बॅटरी ११ व्होल्टच्या आसपास घसरली की पंखा फिरतो, आवाजही करतो, पण पाती ढकलण्याइतका जोर त्याच्यात उरत नाही. तुम्ही ऐकलेली घरघर बहुधा हीच. असा हीटर दुरुस्तीला नेला तर तिथल्या भक्कम विजेवर तो पहिल्या फटक्यात पेटतो आणि ‘काही दोष नाही’ अशा शेऱ्यासह परत येतो. तुम्हीही तो आत्ताच नेऊ नका.

आता बॅटरी तीनपर्यंत का संपली? उत्तर तुमच्या पत्रातल्या सगळ्यात आनंदी वाक्यात आहे: सगळं छान गार होतं.

तुमचा फ्रीज बॅटरीवर ‘ठेवता’ येतो, म्हणजे तो थ्री-वे असणार: बाहेरची वीज, बॅटरी किंवा गॅस. (ज्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर असतो त्याला हा पर्याय नसतो, तो कायम बॅटरीवरच चालतो आणि दिवसाला साधारण ३० ते ५० अँपिअर-तास घेतो; एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-तास.) थ्री-वे फ्रीज बॅटरीवर असताना आतलं तापक यंत्र १० ते १५ अँपिअर ओढतं, आणि बऱ्याच फ्रीजमध्ये ते थांबतही नाही. ही सोय फक्त इंजिन चालू असतानाची आहे. संध्याकाळी आठला गाडी उभी केलीत असं धरलं तर तीनपर्यंत सात तास. दहाने गुणलं तरी ७० अँपिअर-तास झाले. त्यात हीटरच्या पंख्याचे १४-१५ मिळवा. शंभर अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी असेल तर तिच्यातून निम्मी, म्हणजे ५०च वापरावी असा नियम. तुम्ही ८५च्या घरात गेलात. पहिल्या रात्री हे कळलं नाही, कारण बाहेरच्या विजेची केबल लावलेली होती. फ्रीज तेव्हाही बॅटरीवरच राहिला असेल तरी चार्जर मागून भरपाई करत राहिला. आणि ट्रक सकाळी लगेच चालू झाला, याचा अर्थ ट्रकच्या आणि कॅम्परच्या बॅटऱ्यांमध्ये आयसोलेटर (इंजिन बंद असताना दोघींना वेगळं ठेवणारा स्विच) आहे आणि तो काम करतोय. त्याबद्दल बसवणाऱ्याला मनातल्या मनात धन्यवाद द्या.

अडीचचा अलार्मही याच साखळीतला असू शकतो. व्होल्टेज घसरलं की बरेच गॅस डिटेक्टर कुरकुरतात; केसांच्या स्प्रेने आणि काही सफाईच्या फवाऱ्यांनीही वाजतात. पण इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. ‘असू शकतो’ हे दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणायचं असतं, रात्री अडीचला नाही. वास येत नाही हा पुरावा धरू नका. झोपेतून उठलेलं नाक भरवशाचं नसतं, आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने ते आधी जमिनीवर साचतं, तुम्ही झोपलेल्या उंचीवर नाही. डिटेक्टर जमिनीलगत बसवतात तो यासाठीच. पुढच्या वेळी वाजला तर क्रम असा: दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, दार सताड उघडायचं, दोघांनी बाहेर पडायचं, सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करायचा. मग दहा-पंधरा मिनिटांनी, थंडीत कुडकुडत का होईना, विचार करायचा. त्या डिटेक्टरचं माहितीपत्रक काढून धोक्याचा आवाज कोणता आणि वीज कमी असल्याचा कोणता, हे दोघांनी ऐकून ठेवा. चाचणीच्या बटणाने तो वाजवता येतो. वायर आज परत जोडा.

आणि शेगडी. तुमच्या पत्रातली एकच गोष्ट खरोखर जिवावर बेतणारी होती आणि तिच्याबद्दल तुम्ही अर्धं वाक्य खर्च केलंत. हीटरची ज्योत बंद पेटीत असते, तिचा धूर बाहेर जातो. शेगडीचा सगळा धूर तुमच्या श्वासात येतो. लहानशा बंद जागेत प्राणवायू घटत गेला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्याने पहिल्यांदा येते ती सुस्ती, जी रात्री तीनला कुणालाही संशयास्पद वाटत नाही. गॅसचा डिटेक्टर आणि कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर हे दोन वेगळे. तुमच्याकडे दोन्ही आहेत का, किंवा एकाच डबीत दोन्ही आहेत का, ते बघा. त्यांना आयुष्य असतं, सहसा पाच ते दहा वर्षांचं. मागच्या बाजूला तारीख छापलेली असते, आणि कॅम्पर नवा असला तरी ती वाचायची. ऊब हवी असेल तर जाड पांघरूण, गरम पाण्याची पिशवी, किंवा सरळ ट्रकच्या केबिनमध्ये बसून घराकडे परतणं. शेगडी कधीच नाही.

आता ‘गळणारं छत’. दोन्ही रात्री पाऊस नव्हता हे तुम्हीच लिहिलंय, मग छतातून काय गळणार? दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून साधारण अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात. त्यात शेगडी: एक किलो एलपीजी जळलं की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. मोठ्या आचेवरचा एक बर्नर तासाला दीडशे ग्रॅम गॅस खातो, म्हणजे त्या एका तासात पाव लिटर पाणी तुम्ही स्वतःच्या हाताने भिंतींवर शिंपडलंत.

गादी ओली उशाकडेच का, याचंही उत्तर आहे. बिछाना ट्रकच्या केबिनवर पुढे आलेल्या भागात असतो आणि त्या तळाला खालून रात्रीचा वारा लागतो. अंगाची उबदार वाफ गादीतून खाली झिरपते, गार प्लायवर पोचते आणि तिथे तिचं पाणी होतं. गादी उचला आणि प्लायवर तळहात फिरवा. अंगाखालच्या जागेत ओल आणि कडा कोरड्या, तर हा तुमचाच घाम. ओल एखाद्या कोपऱ्यातून, खिडकीच्या किंवा स्क्रूच्या रेषेतून पसरत आली असेल तरच गळती समजा. शंका राहिलीच तर प्लास्टिकचा एक वीतभर तुकडा संशयित भिंतीवर चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खोलीकडच्या बाजूला पाणी असेल तर दव, प्लास्टिकच्या मागे असेल तर ओल भिंतीतून येतेय.

यावरचा उपाय थंडीत वेडेपणा वाटतो, पण तोच लागू पडतो: हवा येऊ द्या. छताची झडप दोन-तीन सेंटिमीटर आणि तिच्यापासून लांबची एखादी खिडकी बोटभर, दोन्ही उघडी. एकच उघडून फारसा उपयोग नाही. हवेला यायला एक वाट लागते, जायला दुसरी. गादीखाली एक-दोन सेंटिमीटर उंचीची जाळीची चटई किंवा लाकडी पट्ट्या घाला. सकाळी उठल्या उठल्या काचा फडक्याने पुसून फडकं बाहेर पिळा. ओल शोषणारे मिठाचे डबे मिळतात, पण रात्रीच्या अर्ध्या लिटरपुढे त्यांचं काही चालत नाही. हीटर रात्रभर मंद ठेवलेला बरा, पूर्ण बंद करून पहाटे पेटवण्यापेक्षा. थंड भिंतच पाणी धरते.

म्हणजे तुमच्या मनातल्या खरेदीचं काय? आधी हिशोब. रात्री आठ ते सकाळी आठ, फ्रीज गॅसवर. हीटरचा पंखा ४ अँपिअर ओढतो आणि थंड रात्री निम्मा वेळ चालतो असं धरा: २४. फ्रीजच्या नियंत्रणाला ४. एलईडीचे चार दिवे चार तास: ४. पाण्याचा पंप दहा मिनिटं: १. अलार्म: १. दोन फोन: ३. एकूण ३७ अँपिअर-तास. ५०च्या मर्यादेत बसलं. पारा शून्याजवळ गेला की लेड-ॲसिड बॅटरी सुमारे ८० टक्केच देते, म्हणजे ५०चे ४० होतात. तरीही बसलं, पण काठोकाठ. आहे ती बॅटरी एका रात्रीला पुरते. नडते ती दुसरी रात्र, कारण दिवसा ती भरली जात नाही.

गाडी चालवताना ती भरते अशी समजूत असते. ट्रकच्या मागच्या प्लगमधून येणारी वायर बारीक आणि लांब असते. तिच्यात व्होल्टेज पडतं आणि पलीकडे पोचतात जेमतेम चार-पाच अँपिअर. तासाभराच्या प्रवासात तुमची बॅटरी भरणं शक्यच नव्हतं. काही घ्यायचंच असेल तर डीसी-डीसी चार्जर (चालत्या ट्रकच्या विजेवर कॅम्परची बॅटरी नीट भरणारा) घ्या, २० ते ३० अँपिअरचा, जाड वायर आणि दोन्ही बॅटऱ्यांजवळ फ्यूज लावून. दोन तास गाडी चालली की ४० ते ६० अँपिअर-तास परत येतात, म्हणजे एक आख्खी रात्र. शंभर वॉटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला २५-३० देतं आणि ढगाळ, आखूड दिवसांत त्याच्या पावपट. एकाच जागी तीन-चार दिवस राहणाऱ्यांना ते उपयोगी, रोज पुढे सरकणाऱ्यांना फारसं नाही. जनरेटरचा विचार सोडा. आवाज, इंधनाचा वास, पुन्हा कार्बन मोनॉक्साइड, आणि हे सगळं एका खटक्याच्या चुकीपायी. लिथियम बॅटरी हलकी असते आणि शंभरातले ८०-९० वापरू देते, हे खरं. पण तिला जुळणारा चार्जर लागतो, आणि गोठण्याखाली तापमान गेलं की ती चार्ज करायची नसते. पहिल्या वर्षी थांबा.

दोन जादा लेड-ॲसिड बॅटऱ्या नकोत, याला आणखी एक कारण आहे: त्या दोघी मिळून ५५-६० किलो भरतात. आणि तुमची गाडी वळणांवर आधीच झुलतेय.

इथे मला खरी चिंता वाटते, कारण पत्रात या गोष्टीला एकच वाक्य मिळालंय. कॅम्परच्या पत्रकात छापलेलं वजन सहसा कोरडं असतं: पाणी नाही, गॅस नाही, बॅटरी नाही, वरून बसवलेल्या सोयी नाहीत. नमुन्यादाखल आकडे बघा. ट्रकची भारक्षमता ९०० किलो आणि कॅम्पर ६५० किलोचा, म्हणजे वरवर २५० शिल्लक. आता ७५ लिटर पाणी म्हणजे ७५ किलो, बॅटरी ३०, भरलेला सिलिंडर १७, दोन माणसं १४०, कपडे-भांडी-खुर्च्या-अवजारं १००. बेरीज १०१२. शोरूममध्ये कोणी खोटं बोललेलं नाही आणि तरी तुम्ही शंभर किलोने वर आहात. तुमच्या ट्रकचे आकडे चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतात. त्यात चालक धरलाय की नाही, तेही पुस्तिकेत बघा.

मग भरलेल्या गाडीनिशी, दोघं आत बसून, पाणी-गॅससकट वजनकाट्यावर जा. तीन पावत्या घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढचा आस (ॲक्सल), फक्त मागचा आस. एकूण आकडा बसला आणि मागचा आस ओलांडला, असं सर्रास होतं. कॅम्परवर बाहेरून गुरुत्वमध्याची खूण असते. ती मागच्या आसाच्या किंचित पुढे किंवा वर यायला हवी. मागे गेली तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल वाटतं आणि गाडी झुलते. कमी करायला सगळ्यात सोपं पाणी: काटकसरीने वापरलं तर दोघांना दिवसाला १५-२० लिटर पुरतं, टाकी काठोकाठ भरायची सक्ती नाही. मागच्या स्प्रिंगना हवेच्या पिशव्या लावल्या की गाडीची पाठ सरळ होते, पण भारक्षमता एक किलोनेही वाढत नाही. हे सांगायला विकणारे विसरतात.

वजन बसत असेल तर झुलण्याचं कारण बांधणीत किंवा टायरमध्ये शोधा. चारही कोपऱ्यांतले टर्नबकल (कॅम्परला ट्रकशी आवळून धरणारे, फिरवून ताणायचे आकडे) पहिल्या २०-२५ किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे असतात, कारण कॅम्पर हौद्यात बसतो आणि ताण सुटतो. नव्या कॅम्परला पहिल्या दिवशी हे दोन-तीनदा करावं लागतं. टायरची हवा थंड असताना, भारासाठी सांगितलेल्या आकड्याला भरा. रिकाम्या ट्रकचा आकडा इथे चालत नाही. आणि छतावरच्या झडपेसकट उंची मोजून चिकटपट्टीवर लिहा, ती पट्टी स्टिअरिंगसमोर लावा.

आता तुमच्या नवऱ्याचा प्रश्न. ‘आत्ता निघावं लागलं तर?’ तुम्ही तो भित्रेपणाच्या खात्यात टाकलाय असं पत्राच्या सुरावरून वाटतं. मला तो पत्रातला सगळ्यात शहाणा प्रश्न वाटतो. बहुतेक ट्रक कॅम्परमधून केबिनमध्ये आतून जाता येत नाही. बाहेर पडून, चालत जाऊन, दार उघडून बसावं लागतं. किल्ली कुठे आहे, बूट कुठे आहेत, बाहेर खुर्च्या मांडलेल्या आहेत का, जॅकचे पाय खाली आहेत का, हे माहीत नसलेल्या माणसाला झोप येत नाही, आणि येऊही नये. त्याला धीर देण्यापेक्षा उत्तर द्या.

रात्री गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे. झोपण्याआधी बाहेरचं सगळं आत. किल्ली दाराशेजारच्या एकाच हुकावर, रोज तिथेच. रिमोटवर हॉर्न वाजवायचं बटण असेल तर ते अंधारात बोटाने सापडायला हवं. बूट दाराशी, टॉर्च उशाशी. जॅक टेकवलेच तर नुसते जमिनीला लागतील इतके. ट्रक त्यांच्यावर उचलू नका. तुमचा कॅम्पर उघड-मिटीच्या छताचा असेल तर छत खाली घ्यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा, आणि ते खाली घेताना एखादी खिडकी किंवा दार उघडं ठेवा, नाहीतर आतली हवा कापडाला बाहेर ढकलते आणि ते कडेत चिमटतं. बिछान्याजवळची आपत्कालीन खिडकी एकदा प्रत्यक्ष उघडून बघा. नव्या खिडकीचं रबर चिकटलेलं असतं, आणि ते आगीच्या वेळी कळू नये. मग दिवसाउजेडी एकदा रंगीत तालीम: बिछान्यातून गाडी हलेपर्यंत. हार्ड छत असेल तर तीन मिनिटांत जमतं. हमखास विसरतात ते चार: पायरी, केबल, छताची झडप, सिलिंडर. ही यादी दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर. आणि ती वाचायचं काम नवऱ्याकडे द्या.

तर तीन वाटा आहेत: प्रवास रद्द करणं, सामान विकत घेऊन ठरल्या दिवशी निघणं, किंवा मधल्या तीन आठवड्यांत चार रात्री मोजूनमापून काढणं. पहिल्या दोन्हींमध्ये एक गृहीत दडलंय, की त्या दोन रात्रींनी तुम्हाला काही निकाल दिला. त्यांनी फक्त माहिती दिली. तिसरी वाट घ्या, अशी.

पहिली रात्र घरासमोर, केबल काढून. दिवसा हीटर दार-खिडक्या उघड्या ठेवून अर्धा तास चालवा. नव्या हीटरवरचं तेल-रंग जळून थोडा धूर येतो आणि तो रात्री आला तर अलार्म वाजवतो. सिलिंडरचा वॉल्व्ह सावकाश उघडा. झटक्यात उघडला तर आतली सुरक्षा-झडप गळती समजून गॅस जवळजवळ अडवते. आधी शेगडी पेटवून नळीतली हवा जाऊ द्या, निळी ज्योत स्थिर झाली की ती बंद करून फ्रीज आणि हीटर लावा. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावून फुगे वाढतात का बघा. फ्रीज आदल्या दिवशीच सुरू करा, या जातीला गार व्हायला अनेक तास लागतात. मग संध्याकाळी आठला, झोपताना आणि उठल्यावर मल्टिमीटरने बॅटरी मोजून वहीत लिहा. भार नसताना १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. हीटर चालू असताना आकडा थोडा खाली दिसेल, घाबरू नका.

दुसरी रात्र घरापासून अर्ध्या तासावर, आणि निघण्यापूर्वीच ठरवून टाका की कंटाळा आला तर मध्यरात्री घरी परतायचं. परतलात तर त्याला हार म्हणायचं नाही. अंधार पडण्याआधी किमान तासभर पोचा, कारण जागा सपाट करणं उजेडातलं काम आहे. पाणसळ आत टेबलावर ठेवा, खालच्या चाकांखाली फळ्या घाला, उशाकडची बाजू किंचित वर. हे फक्त झोपेसाठी नाही: थ्री-वे फ्रीज साधारण आडवा ३ आणि उभा ६ अंशांपेक्षा जास्त कलला तर गार करत नाही आणि कालांतराने खराब होतो. हँडब्रेक, गिअर आणि चाकांना पाचर. वारा असेल तर ट्रकचं नाक वाऱ्याकडे, डोलणं बरंच कमी होतं. वाळक्या फांदीखाली आणि कोरड्या ओढ्यात गाडी उभी करायची नाही. झोपताना पाण्याच्या पंपाचा स्विच बंद करा; नळ बंद असताना पंप मध्येच घुर्र करत असेल तर कुठेतरी थेंब गळतोय.

पाण्याच्या टाकीचं एकाच वाक्यात: लिटरमागे १ मिलि बिनवासाचं घरगुती ब्लीच घालून चार तास ठेवा, मग वास जाईपर्यंत धुवा, आणि पंपाच्या अलीकडची जाळी उघडून बघा, कारण नव्या टाकीतला प्लास्टिकचा भुसा हमखास तिथे अडकतो.

तिसरी आणि चौथी रात्र सलग, एकाच जागी, मध्ये गाडी न हलवता. खरी परीक्षा चौथ्या रात्रीची आहे. तिच्या सकाळी बॅटरी १२.२ च्या वर राहिली तर काहीही विकत न घेता प्रवासाला निघा, फक्त दर तिसरी रात्र वीजजोड असलेल्या कॅम्पसाइटवर ठेवा आणि पहिल्या दिवशी तीन तासांहून जास्त गाडी चालवू नका. आकडा त्याखाली गेला तर डीसी-डीसी चार्जर बसवा. कॅम्पर विकायचा विषय पाचव्या सकाळी काढा, त्याआधी नाही, आणि तेव्हा नवऱ्याचं मत पूर्ण ऐका. चार रात्री झोपून झाल्यावर तो नको म्हणाला तर त्या ‘नको’ला वजन आहे.

या सगळ्याआधी एक काम आज संध्याकाळीच करायचं आहे. त्या रात्रीपासून बॅटरी भरलेली नसेल तर आत्ता केबल लावा. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि दर दिवसागणिक ती थोडी थोडी मरते. रात्रभर, लागल्यास दुसऱ्या दिवसापर्यंत भरू द्या. मग केबल काढून, सगळं बंद ठेवून, चार-पाच तासांनी मोजा. १२.६ किंवा १२.७ आलं तर तिला काही झालेलं नाही. १२.४ च्या वर जातच नसेल, तर एक बॅटरी मात्र बदलावी लागेल.